दोन साष्टी : दांपत्याच्या प्राप्तिकर-आकारणीचा एक ऐतिहासिक विचार

भाईंदरच्या पश्चिमेस उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई व मोरवा ही गावे लागतात. खाडी आणि मिठागरे यांच्या शेजारी वसलेली ही गावे आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतात. इतिहासाच्या दृष्टीने ती जुन्या साष्टी प्रदेशातील होत. साष्टी नावाचा दुसरा प्रदेश गोव्यात आहे व मडगाव हे त्याचे मुख्य नगर. दोन्ही नावांची व्युत्पत्ती सहासष्ट गावांच्या समूहावरून सांगितली जाते. नावाचे हे साम्य योगायोगाचे मानले, तरी दुसरे एक साम्य योगायोगाचे नव्हे. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत या दोन्ही साष्टी एकाच पोर्तुगीज राजसत्तेखाली होत्या.

आता अशी कल्पना करावी की, मोरवा येथील एका गृहस्थास घरभाड्याचे काही उत्पन्न आहे आणि मडगाव येथील एका गृहस्थासही नेमके तेवढेच आहे. दोघेही विवाहित आहेत. दोघांच्याही पत्नींना स्वतःचे निराळे उत्पन्न नाही. दोघेही भारताचे नागरिक असून दोघांनाही भारताचा एकच प्राप्तिकर कायदा लागू आहे. तथापि दोघांना भरावा लागणारा कर सारखा नाही. मोरव्याच्या गृहस्थाचे सर्व भाडे त्याच्या एकट्याच्या नावे आकारले जाते. मडगावच्या गृहस्थाचे भाडे मात्र कायद्यानेच दुभंगते. निम्मे त्याचे व निम्मे त्याच्या पत्नीचे मानून दोघांवर स्वतंत्र आकारणी होते, आणि चढत्या दरांच्या करपद्धतीत त्यामुळे एकूण कर कमी होतो.

हा भेद कसा उत्पन्न झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पतिपत्नींनी प्राप्तिकर एकत्र भरावा की स्वतंत्र, हा प्रश्न सामान्यतः हिशेबाच्या सोयीचा समजला जातो. परंतु तो मुळात मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीचे उत्तर करखात्याच्या दप्तरात ठरत नसून विवाहाच्या कायद्यात ठरते. दोन साष्टींचा इतिहास या विधानाचा उत्तम पुरावा होय.

१. एका कायद्याची दोन वाटांनी झालेली फाटाफूट

वसई व तिच्या भोवतालचा मुलूख १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला. गोव्यातील साष्टी व बारदेश हे महाल १५४३ मध्ये त्यांच्या राज्यास जोडले गेले. त्या काळच्या पोर्तुगीज राजशासनात विवाहविषयक संपत्तीचे एक ठाम तत्त्व होते. पतिपत्नींनी विवाहापूर्वी निराळा करार केला नसेल, तर दोघेही एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे भागीदार समजावेत, असे ते तत्त्व. १६०३ पासून अमलात आलेल्या फिलिपीय राजाज्ञासंग्रहात ते स्पष्टपणे नमूद आहे. राज्यकर्त्यांचा हा कायदा गावोगावच्या प्रत्येक घरात सारख्याच प्रमाणात उतरला असे मानण्याचे कारण नाही. तथापि ज्या कायद्याच्या छत्राखाली उत्तरेकडील साष्टी व दक्षिणेकडील साष्टी या दोन्ही होत्या, तो एकच होता, एवढे ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

१७३७ ते १७३९ या वर्षांतील चिमाजीअप्पांच्या मोहिमेने ही एकता संपुष्टात आली. ठाण्यासह उत्तरेकडील साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. गोव्याची साष्टी मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्याच हाती राहिली. अशा रीतीने एका युद्धाने प्रदेशाबरोबर विवाहाच्या कायद्याचीही वाटणी केली. या वाटणीचे परिणाम त्या काळी कोणाच्या लक्षात येण्याजोगे नव्हते. चढत्या दराचा प्राप्तिकर जन्मास येईपर्यंत ते सुप्त राहिले.

एकोणिसाव्या शतकात ही फाटाफूट लेखी संहितांत पक्की झाली. दोन तारखा शेजारी ठेवल्या असता हे स्पष्ट होते. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम झाला. विवाहामुळे कोणाही व्यक्तीस आपल्या जोडीदाराच्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध प्राप्त होत नाही, असा नियम त्याने घालून दिला. १ जानेवारी १८६६ पूर्वीचे विवाह या नियमातून वगळलेले आहेत, आणि पुढे १९२५ च्या अधिनियमात तोच नियम विसाव्या कलमात आला. हिंदू, मुसलमान इत्यादींना तो लागू नव्हता. परंतु उत्तन, डोंगरी, वसई या भागांतील ख्रिस्ती समाजास तो लागू झाला. इकडे पोर्तुगालमध्ये सेआब्रा यांनी रचलेली नागरी संहिता १ जुलै १८६७ रोजी संमत झाली, १८६९ च्या आज्ञेने ती सागरपारच्या प्रदेशांस लावण्यात आली व १ जुलै १८७० पासून गोव्यात अमलात आली. या संहितेप्रमाणे करार नसलेल्या प्रत्येक विवाहात संपत्तीचा संपूर्ण सामाईकपणा गृहीत धरला जातो. उत्तनचे कॅथलिक दांपत्य व मडगावचे कॅथलिक दांपत्य यांचा धर्म एक, विवाहविधी एक. पण साडेचार वर्षांच्या अंतराने त्यांच्या घरांत परस्परविरुद्ध तत्त्वे नांदू लागली. पहिल्या घरात विवाहाने मालमत्तेत काहीही बदलत नव्हते, तर दुसऱ्या घरात सर्व काही बदलत होते.

मोरव्यासारख्या गावातील हिंदू कुटुंबांची स्थिती याहून निराळी होती. त्यांच्या बाबतीत धर्मशास्त्राधिष्ठित हिंदू कायदा चालू राहिला. त्यात स्त्रीधनाची कल्पना होती आणि अविभक्त कुटुंबाची होती. दांपत्य हे मालमत्तेचे एकक मात्र नव्हते. गोव्यातील हिंदूंसाठी १८८० मध्ये रीतिरिवाजांची निराळी संहिता झाली व तिने काही चाली राखून ठेवल्या, परंतु सामाईक संपत्तीची पद्धती त्यांच्याही विवाहांस लागू राहिली. म्हणूनच दोन साष्टींतील भेद हिंदू व ख्रिस्ती असा नाही. तो सीमारेषेचा आहे, आणि ती सीमारेषा १७३९ ची आहे.

२. संशयाचे कलम

प्राप्तिकराचा भारतीय इतिहास १८६० मध्ये सुरू होतो. १८८६ च्या अधिनियमाने त्यास स्थैर्य आले, तर १९२२ च्या अधिनियमाने आधुनिक रूप दिले. या अधिनियमात करदात्यांचे जे प्रकार सांगितले होते, त्यांत व्यक्ती होती, हिंदू अविभक्त कुटुंब होते, कंपनी होती, भागीदारी संस्था होती. पतिपत्नींची जोडी मात्र नव्हती. आजोबा, मुलगे, नातू यांची वंशपरंपरा कायद्यास एकक म्हणून मान्य होती. विवाहाने निर्माण होणारे नाते तसे मान्य नव्हते. पुरुषपरंपरेवर उभ्या असलेल्या समाजाचे प्रतिबिंब करकायद्यात पडले, असेच याविषयी म्हणावे लागेल.

इंग्लंडची स्थिती याच्या उलट होती. तेथे १८०६ च्या कायद्यापासून पत्नीचे उत्पन्न पतीचेच मानले जात असे. पुढे स्वतंत्र विवरणपत्राची सोय झाली तरी एकूण कर त्यामुळे कमी होत नसे. १९७० च्या दशकात पत्नीच्या कमाईपुरता निराळ्या आकारणीचा पर्याय मिळाला. आणि ६ एप्रिल १९९० पासून पत्नी ही पूर्णपणे स्वतंत्र करदाती झाली. भारतावर राज्य करणाऱ्यांनी आपल्या घरचा हा नियम येथे आणला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. भारतातील पत्नी प्रारंभापासून स्वतंत्र करदाती होती. परंतु तिच्याकडे स्वतःचे उत्पन्न क्वचितच असे, म्हणून या स्वातंत्र्याचा अर्थ प्रायः कागदोपत्रीच राहिला.

ज्यांना त्या स्वातंत्र्याचा उपयोग करून घ्यावयाचा होता ते पतीच होते. दुकान पतीचे, भांडवल पतीचे, श्रम पतीचे. भागीदारीच्या दस्तऐवजात मात्र पत्नीचा व अज्ञान मुलांचा अंश दाखवावयाचा आणि उत्पन्नाचे तुकडे करून वरच्या दरातून निसटावयाचे, अशी रीत पडू लागली. १९३६ च्या प्राप्तिकर चौकशी अहवालाने अशा नाममात्र भागीदाऱ्यांकडे लक्ष वेधले. त्याचा परिणाम म्हणून १९३७ च्या दुरुस्ती अधिनियमाने १९२२ च्या कायद्यात कलम १६ चे तिसरे उपकलम घातले गेले. पती ज्या भागीदारीत आहे तिच्यातील पत्नीचा अंश, आणि पतीने योग्य मोबदला न घेता पत्नीच्या नावे केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न, ही दोन्ही पतीच्या उत्पन्नात मिळवावी, असा त्याचा आशय होता.

या उपकलमाची घटनात्मक कसोटी महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात लागली. अकोला येथील विशेष अन्वेषण मंडलाच्या प्राप्तिकर अधिकाऱ्याने पत्नी व अज्ञान मुले यांचे भागीदारीतील अंश पतीच्या उत्पन्नात मिळविले होते. त्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला व त्याचा निर्णय १९६१ मध्ये लागला. कायद्याच्या ग्रंथांत तो ‘बालाजी’ खटला म्हणून परिचित आहे. एकाच्या उत्पन्नाबद्दल दुसऱ्यावर कर बसविण्याचा अधिकार कायदेमंडळास आहे काय, आणि पतिपत्नींची भागीदारी इतर भागीदाऱ्यांहून निराळी काढणे समतेच्या तत्त्वास धरून आहे काय, असे दोन मुख्य प्रश्न होते. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी लिहिलेल्या निर्णयात दोन्हींचे उत्तर शासनाच्या बाजूने दिले गेले. उत्पन्नावर कर बसविण्याच्या अधिकारात कर चुकविण्यास आळा घालण्याचा अधिकार अंतर्भूत आहे, आणि असा आळा जेथे आवश्यक ठरतो त्या नात्यांचे वर्गीकरण वाजवी आहे, हा त्याचा मथितार्थ.

१९६१ च्या अधिनियमात हेच तत्त्व चौसष्टाव्या कलमात आले. १९७५ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढली. ज्या संस्थेत पतीचे भरीव हितसंबंध आहेत तिच्याकडून पत्नीस मिळणारे वेतनही, तिची तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता नसल्यास, पतीच्या उत्पन्नात धरले जाऊ लागले. पुढे भागीदारी संस्थांच्या आकारणीची रीतच बदलून भागीदाराचा नफ्यातील अंश करमुक्त झाला, तेव्हा १९९३ पासून भागीदारीचा मूळ खंड निरुपयोगी ठरून गळला. मोबदल्याविना दिलेल्या मालमत्तेचा नियम मात्र टिकून राहिला. तात्पर्य, भारतीय कायद्याने दांपत्यास एकक म्हणून कधी मान्यता दिली नाही. जेथे तो दांपत्याकडे वळला तेथे संशयाच्या दृष्टीने वळला.

या प्रवाहात एकच ठळक अपवाद आढळतो, आणि त्याचे कर्तृत्व एका मराठी अर्थमंत्र्याकडे जाते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख यांनी १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात विवाहित व अविवाहित करदात्यांसाठी करमुक्त उत्पन्नाच्या निरनिराळ्या मर्यादा ठेवल्या. पूर्वीची दीड हजार रुपयांची मर्यादा विवाहितांसाठी दोन हजारांवर नेली व अविवाहितांसाठी एक हजारावर आणली. कौटुंबिक जबाबदारीचा विचार करात व्हावा, ही त्यामागील दृष्टी होती. कालांतराने ही भेदपद्धती नाहीशी झाली. तिचे स्वरूपही नीट पाहिले पाहिजे. देशमुखांची सवलत विवाहित व्यक्तीस होती; दोघांचे उत्पन्न एकत्र करण्याशी अथवा दुभागण्याशी तिचा संबंध नव्हता. पत्नी ही येथे पोष्य म्हणून गणली गेली, सहस्वामिनी म्हणून नव्हे.

३. गोव्याचा निम्मा हिस्सा

गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या अधिनियमाने तेथील चालू कायदे पुढे चालू ठेवण्यात आले. त्यांत नागरी संहिताही होती. १ एप्रिल १९६३ पासून भारताचा प्राप्तिकर अधिनियम तेथे लागू झाला, आणि दोन परंपरा प्रथमच समोरासमोर आल्या. व्यक्ती हे एकक मानणाऱ्या कायद्यास अशा घरांवर कर बसवावयाचा होता की, जेथे पतीची अशी निराळी मालमत्ताच नव्हती.

उत्तरे तीन संभवत होती. सामाईक मालमत्तेचा कारभार संहितेप्रमाणे पतीकडे असे, म्हणून सर्व उत्पन्न त्याचेच मानावे, हे पहिले. दोघे मिळून व्यक्तींचा एक समुदाय होतो, म्हणून त्या समुदायावर एक आकारणी करावी, हे दुसरे. मालकी निम्मी-निम्मी आहे, म्हणून उत्पन्नही निम्मे-निम्मे करून दोघांवर स्वतंत्र आकारणी करावी, हे तिसरे. पहिल्या दोन उत्तरांनी शासनास अधिक कर मिळे, तिसऱ्याने कमी. हा वाद न्यायालयांत अनेक वर्षे चालला. शेवटी १९९४ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात कलम ५-अ घातले आणि तिसरे उत्तर मान्य केले. सामाईक संपत्तीच्या पद्धतीखालील पतिपत्नींचे उत्पन्न समुदायाचे म्हणून आकारू नये. वेतनाखेरीज प्रत्येक शीर्षाखालील उत्पन्न दोघांत समसमान वाटावे व ज्याचे त्याच्या एकूण उत्पन्नात धरावे. वेतन मात्र ज्याने मिळविले त्याचेच मानावे, असा त्याचा नियम आहे.

या कलमाविषयी दोन गोष्टी इतिहासाच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, १९९४ मध्ये लिहिलेले हे कलम १ एप्रिल १९६३ पासून अस्तित्वात होते असे मानले गेले. एकतीस वर्षांचा अनिश्चित काळ एका वाक्याने निश्चित झाला. दुसरी अशी की, कलमात पोर्तुगीज नागरी संहिता १८६० ची म्हटली आहे, जरी ती १८६७ ची आहे. कायद्याचा मजकूर हे इतिहासाचे साधन असले तरी ते तपासून घ्यावे लागते, याचे हे छोटेसे उदाहरण. १९६१ च्या अधिनियमाची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमाने घेतली. निम्म्या वाटणीचा हा नियम त्यातही कायम ठेवण्यात आला आहे.

वेतन वगळण्यात विसंगती आहे हे उघड आहे. नागरी संहितेच्या तत्त्वानुसार विवाहानंतर श्रमाने मिळविलेलेही सामाईकच असते. करकायद्याने येथे संहितेपुढे हात आखडला. त्याचे फलित विचित्र झाले. मडगावच्या गृहस्थाचा पगार ज्या दिवशी हाती येतो त्या दिवशी करापुरता तो त्याचा एकट्याचा असतो; त्याच पगारातील शिलकेची पेढीत ठेव ठेवली, की तिचे व्याज दोघांचे होते.

मोरव्यात याच ठेवीचे काय होते ते पाहावे. तेथील गृहस्थाने आपल्या शिलकेतून पत्नीच्या नावे ठेव ठेवली, तर तिचे व्याज उत्पन्नाच्या एकत्रीकरणाच्या नियमाने पुन्हा त्याच्याच उत्पन्नात मिळविले जाते. अर्थात जी गोष्ट एका साष्टीत कर टाळण्याची युक्ती म्हणून संशयास्पद ठरते, तीच दुसऱ्या साष्टीत कायद्याने आपोआप घडते. पत्नीचा निम्मा हिस्सा मडगावात गृहीत आहे. मोरव्यात ती पतीची देणगी आहे, आणि देणगीचा हेतू तपासण्याचा अधिकार शासनाने आपल्याकडे ठेवला आहे.

४. एक काल्पनिक हिशेब

समजुतीसाठी करदर काल्पनिक घेऊ. पहिले तीन लाख करमुक्त. पुढील तीन लाखांवर शेकडा दहा. त्यापुढे शेकडा वीस. वजावटी जाता एका घराचे करपात्र उत्पन्न बारा लाख आहे असे धरू.

हे उत्पन्न भाड्याचे असून पतीच्या नावे असेल, तर मोरव्यात कर तीस हजार अधिक एक लाख वीस हजार, म्हणजे दीड लाख रुपये होईल. मडगावात तेच उत्पन्न सहा-सहा लाख असे वाटले जाऊन प्रत्येकी तीस हजार, म्हणजे एकूण साठ हजार रुपये होईल. अंतर नव्वद हजारांचे. हेच उत्पन्न पतीच्या वेतनाचे असेल, तर दोन्हीकडे कर दीड लाखच. पती व पत्नी दोघेही प्रत्येकी सहा लाख मिळवीत असतील, तर दोन्हीकडे साठ हजारच. इंग्लंडच्या जुन्या सक्तीच्या एकत्रीकरणाने मात्र या शेवटच्या दांपत्यासही दीड लाख भरावे लागले असते.

या हिशेबातून तीन निष्कर्ष निघतात. सक्तीची एकत्र आकारणी कमावत्या पत्नीवर भार टाकते. निव्वळ स्वतंत्र आकारणी एकाच्याच मिळकतीवर चालणाऱ्या घरास जड जाते. उत्पन्नाचे दुभाजन त्या घरास हलके पडते, परंतु ज्यांचे उत्पन्न मुळातच समान आहे त्यांना त्यापासून काहीही मिळत नाही. तिन्ही प्रकारच्या घरांना एकाच वेळी न्याय देईल अशी पद्धती नाही. कोणती असमता पत्करावयाची, एवढीच निवड कायदेमंडळापुढे असते.

५. इतर देशांचा अनुभव

गोव्यासारखाच पेच अमेरिकेत तीन दशके अगोदर उद्भवला होता. तेथील काही राज्यांत स्पॅनिश व फ्रेंच वारशाने सामाईक संपत्तीची पद्धती होती. इतरांत इंग्रजी वळणाचा कायदा होता. १९३० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोन निर्णय दिले. कॅलिफोर्नियातील एका दांपत्याने आपसांतील कराराने पतीचे वेतन निम्मे-निम्मे केले होते. करासाठी तो करार न्यायालयाने मानला नाही. वॉशिंग्टन राज्यातील दांपत्याचे उत्पन्न राज्याच्या कायद्यानेच सामाईक होते. तेथे वेतनासह सर्व उत्पन्नाचे दुभाजन न्यायालयाने मान्य केले. खाजगी करार पुरेसा नाही, मालकीचा कायदा पाहिजे, असा याचा अर्थ.

मग जे व्हावयाचे तेच झाले. कराचा लाभ मिळावा म्हणून ओक्लाहोमा, मिशिगन, नेब्रास्का, ओरेगन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांनी १९४० च्या सुमारास व त्यानंतर सामाईक संपत्तीचे कायदे करण्याचा सपाटा लावला. अखेर १९४८ मध्ये तेथील संसदेने सर्वच विवाहितांना संयुक्त विवरणपत्राद्वारे दुभाजनाचा लाभ दिला. कराचे आमिष संपताच त्या राज्यांपैकी बहुतेकांनी नवे संपत्तिकायदे मागे घेतले. ही घटना फार बोलकी आहे. पत्नीस करापुरती भागीदार करण्यास जे उत्सुक होते, त्यांना तिला मालकीत भागीदार ठेवण्याची गरज उरली नाही.

पश्चिम जर्मनीत घटना न्यायालयाने १७ जानेवारी १९५७ रोजी सक्तीची एकत्र आकारणी घटनाबाह्य ठरविली, कारण ती विवाहितांना अविवाहितांपेक्षा जड पडत होती. पुढच्याच वर्षी तेथे दुभाजन आले. पोर्तुगालने तर १९६६ च्या नव्या संहितेत संपूर्ण सामाईकपणाचा जुना नियम सोडून केवळ विवाहोत्तर अर्जित संपत्तीपुरता सामाईकपणा हा साधारण नियम केला. गोवा त्यापूर्वीच मुक्त झालेला असल्यामुळे लिस्बनने टाकलेला नियम मडगावात मात्र टिकून राहिला.

६. निवड केव्हा होते

या विवेचनातून मूळ प्रश्नाकडे परत येता येते. एकत्र की स्वतंत्र, ही निवड भारतीय दांपत्यास आहे काय? विवरणपत्र भरण्याच्या वेळी ती कोणालाच नाही. मोरव्याचे दांपत्य दुभाजन मागू शकत नाही. मडगावचे दांपत्य ते नाकारू शकत नाही. गोव्यात निवड आहे, पण ती विवाहापूर्वीची आहे. संहितेप्रमाणे विवाहाआधी अधिकृत करार करून संपूर्ण विभक्त संपत्तीची अथवा अन्य मान्य पद्धती स्वीकारता येते. एकदा विवाह झाला की ती बदलता येत नाही. ज्या वेळी वधूवरांच्या मनात प्राप्तिकराचा विचारही नसतो त्या वेळी त्यांच्या कराचे स्वरूप ठरून जाते.

ही निवड माणसाबरोबर प्रवासही करते. गोमंतकीयाच्या मुंबईतील मालमत्तेच्या वारशाविषयीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये असे ठरविले की, गोव्याचा अधिवास असलेल्याची मालमत्ता भारतात कोठेही असली तरी तिला तीच संहिता लागू होईल. तो प्रश्न वारशाचा होता, कराचा नव्हता. तथापि कलम ५-अ देखील पतिपत्नींना कोणती संहिता लागू आहे हेच विचारते. भाईंदरच्या एकाच इमारतीत एका मजल्यावर दोन शेजारी दांपत्ये राहात असतील, त्यांतील एक गोव्याच्या संहितेखालील असेल, तर १७३९ ची सीमारेषा त्या दोन दारांमधून जाते असे म्हटले तरी चालेल.

गोव्याच्या व्यवस्थेचे मोल केवळ करबचतीत नाही. विवरणपत्राच्या नमुन्यात कलम ५-अ साठी निराळे परिशिष्ट आहे. त्यात जोडीदाराचा स्थायी खातेक्रमांक व दोघांत वाटलेले उत्पन्न लिहावे लागते. घराबाहेर एक रुपयाही न मिळविणारी मडगावची गृहिणी यामुळे स्वतःच्या नावाने करदाती ठरते. पतीचे भाडे हे तिचेही भाडे आहे, असे राज्य दरवर्षी लेखी मान्य करते. हा मान पूर्ण निर्दोष नाही. संहितेने कारभार पतीकडे सोपविला होता, आणि निम्मी मालकी व प्रत्यक्ष ताबा यांत अंतर राहू शकते. तरीही स्थावर मालमत्ता पत्नीच्या संमतीविना विकता येत नाही, विवाहसंबंध संपल्यास निम्मा हिस्सा तिचा असतो. तिच्या करपत्रकातील निम्म्या आकड्यामागे निम्मे घर उभे आहे.

येथेच आजच्या चर्चेचा मर्मबिंदू आहे. विवाहितांना ऐच्छिक संयुक्त आकारणीचा पर्याय द्यावा, असे भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पापूर्वी सुचविले. एकाच्याच मिळकतीवर चालणाऱ्या घरांवरील भार पाहता या सूचनेत तथ्य आहे, यात संशय नाही. परंतु मोरव्याच्या गृहस्थास उद्या असा पर्याय मिळाला, तर त्याचा कर दीड लाखावरून साठ हजारांवर येईल. त्याच्या पत्नीस मात्र घराच्या एका विटेवरही हक्क मिळणार नाही. १९४८ मध्ये अमेरिकेने नेमके हेच केले. कराच्या दृष्टीने पत्नी निम्म्याची धनी ठरावी आणि मालकीच्या दृष्टीने शून्याची, ही स्थिती गोव्याच्या वारशाहून नव्हे, तर १९३६ च्या अहवालाने दोष दिलेल्या नाममात्र भागीदारीहून फारशी निराळी नाही. अंतर एवढेच, की त्या वेळी पतीने कागद रंगविला. या वेळी तो राज्य रंगवील.

यावरून संयुक्त आकारणी नको असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. क्रम बदलावा, एवढाच निष्कर्ष इतिहासातून निघतो. दांपत्यास कराचे एकक करावयाचे असेल तर प्रथम ते मालकीचे एकक करावे; निदान ज्या उत्पन्नाचे दुभाजन मागितले जाईल त्यावर पत्नीचा निम्मा हक्क कायद्याने निर्माण होईल, अशी अट त्या पर्यायास जोडावी. दक्षिणेकडील साष्टीत मालकी आधी आली व करसवलत सव्वाशे वर्षांनी तिच्या मागून आली. उत्तरेकडील साष्टीत सवलत आधी आणून मालकी मागाहून येईल अशी आशा करावयाची असेल, तर अमेरिकेतील त्या राज्यांनी मागे घेतलेले कायदे एकदा तरी समोर ठेवून ती करावी.